वाऱ्याविना कापणारं झाड

ही वही शांतवन भागाजी उजागरे, मास्तर, मिशनची शाळा, मौजे धामणटाकळी, तालुका शेवगाव, यांची आहे. दुसऱ्या कोणी वाचू नये. वाचल्यास हसू नये.

१० जानेवारी १९४३, रविवार

लढाईमुळे कागद मिळत नाही, म्हणून जुन्या हजेरीपटांची कोरी पानं शिवून ही वही केली. लिडिया म्हणाली, "त्यापरीस कोंबड्यांकडं बघा, अंडी तरी देतील." पंचवीस वर्षं संसार केला, पण बाईला माझ्या लिहिण्याचा राग आणि अक्षराचा अभिमान, दोन्ही कायम. माझं अक्षर पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. हे मीच म्हणतो असं नाही, नगरच्या मिशनच्या मडमसाहेबही म्हणतात. सध्या मात्र जरा बारीक येतंय. कागद वाचवायची सवय लागली, दुसरं काय.

दुपारी गावातल्या केशरबाई आल्या आणि नेहमीप्रमाणे शाळेच्या उंबऱ्यापलीकडे बसल्या. त्यांचा धाकटा कानिफनाथ ब्रह्मदेशाकडे लढाईवर आहे, त्याला पत्र लिहायचं होतं. मजकूर ठरलेला: पोटभर जेव, कुणाशी भांडू नको, बंदूक जपून धर. शेवटी म्हातारीने कनवटीतून पिंपळाचं पान काढलं.

"ह्ये बी घाला, मास्तर. त्याच्यापायी रोज पानी घालती मी झाडाला. पान त्याच्यापाशी असलं म्हंजी झाड त्याच्यावर ध्यान ठिवंल."

मनातल्या मनात हसलो, पण पान घातलं. कानिफ माझा विद्यार्थी. गावातलं माझ्या शाळेत आलेलं पहिलं पोर तो. पडवीत वेगळ्या पोत्यावर बसून शिकला, पण अक्षर हुबेहूब माझ्या वळणाचं काढलं. त्याच्यामागून, त्याचा थोरला भाऊ गोरक्षनाथ भावकीशी भांडला म्हणून, गावातली आज चौदा मुलं आमच्या वस्तीतल्या मुलांबरोबर एकाच सतरंजीवर बसतात. आयुष्यात मी काही केलं असेल तर हे एवढंच.

थंडीने हात कापतो. पाकिटावर शाईचा डाग पडला.

२४ जानेवारी, रविवार

मडमसाहेब दौऱ्यावर आल्या. रविवारच्या शब्बाथ शाळेच्या मुलांसाठी एक इंग्रजी पुस्तिका मराठीत करायला दिली, प्रभूच्या मरणाच्या दिवसापर्यंत, उत्तम शुक्रवारपर्यंत, छापून हवी आहे. गोष्ट छोटी आहे. त्यांच्या देशात एक झाड असतं, वारा नसला तरी त्याची पानं थरथरतात. तिकडचे लोक सांगतात की प्रभूचा वधस्तंभ त्याच झाडाच्या लाकडाचा केला. तेव्हापासून ते पापाच्या शरमेने कापत उभं आहे.

झाडाचं नाव आस्पेन. याला आमच्यात काय म्हणतात, असं विचारलं तर बाई हसल्या. "मास्तर, हे झाड तुमच्या देशात नाही. नाव तसंच ठेवा."

ठेवा म्हणे. माझ्या मुलांना काय कळणार?

२ फेब्रुवारी, मंगळवार

आठ दिवस त्या नावावर अडलो. वर्गात 'आस्पेन' म्हणून पाहिलं तर एकाने "हास्पिटल का, मास्तर?" विचारलं. शेवटी भाकरी थापता थापता लिडियानेच सोडवलं.

"वाऱ्याबिगर हलनारं झाड? मग पिंपळ न्हाई का डोळ्यांम्होरं?"

काखेत कळसा अन् गावाला वळसा! ताबडतोब पिंपळ लिहिलं आणि सगळी गोष्ट जिवंत झाली. लिडिया थोड्या वेळाने म्हणाली, "पर गाव काय म्हनंल?" मी म्हणालो, गोष्ट दूर देशची आहे, झाड फक्त मुलांना कळावं म्हणून. तिने तवा उतरवला.

दिवसभर कसा उल्हास होता. एका शब्दाने माणसाला एवढा आनंद होतो याचं मलाच नवल वाटलं.

संध्याकाळी उगीचच जुनी गोष्ट आठवली. आठ वर्षांचा असेन. पुस्तकात ठेवून जाळी करायला पान हवं होतं म्हणून पिंपळाच्या पारावर चढलो. केशरबाईंच्या सासऱ्याने वहाणेने मारलं आणि पार गोमूत्राने धुऊन घेतला. केशरबाई तेव्हा तरण्या होत्या. सासरा वळल्यावर त्यांनी एक पान वरून माझ्यापुढे टाकलं. या सगळ्याचा पुस्तिकेशी काही संबंध नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

१९ मार्च, शुक्रवार

गोरक्षनाथ बैलांना पाणी पाजून जाताना ओट्यावर टेकला. अंगाने बैलासारखा आणि मनाने गाईसारखा माणूस. माझ्याकडे बघून हसायला लागला.

"मास्तर, कधीपासून तंबाखू खाताय?"

मी उडालोच. मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, अगदी तंबाखू मळल्यासारखे. माझ्या ध्यानातही नव्हतं. हात उचलला की थांबतं, खाली ठेवला की पुन्हा सुरू. "दे की मग चिमूटभर," म्हणून वेळ मारून नेली. लिडिया म्हणते चालताना माझा हात हलत नाही, लाकडासारखा लोंबतो. बायकांना नवऱ्यात खोट दिसायला काही लागत नाही.

पिंपळ यंदा पार निष्पर्ण झाला आहे.

१५ एप्रिल, गुरुवार

पुस्तिका छापून आल्या! मुखपृष्ठावर माझं नाव. मडमसाहेबांनी सोबत लिहिलं आहे की मराठी फार सरस उतरली आहे. त्यांना पिंपळ माहीत नसावा, किंवा माहीत असून माझ्यावर विश्वास ठेवला असावा. लिडियाने पुस्तिका डोळ्यांना लावली आणि मग विचारलं, "गावच्या पोरांना पन देनार का?" का नाही देणार? एका सतरंजीवर बसतात ना?

२३ एप्रिल, उत्तम शुक्रवार

उपासनेत मी गोष्ट वाचली. 'पिंपळ कापतो, कारण त्याच्या मनात पाप आहे. ज्याने पाप लपवलं तो वाऱ्याविनाही कापतो.' हे दुसरं वाक्य मूळ इंग्रजीत नाही, माझ्या पदरचं आहे. बायका रडल्या. पिंपळाला आता नवी तांबूस पालवी आली आहे. दाराबाहेर पाहिलं तर ती लखलखत, थरथरत होती. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. असा दाखला सापडणं म्हणजे भाग्यच.

सकाळी शाळेत सगळ्यांना पुस्तिका वाटल्या होत्या. गोरक्षनाथाची भागू, तिसरीतली, धडाधडा वाचते. म्हणाली, "आजीला वाचून दावते."

२६ एप्रिल, सोमवार

गावातलं एकही मूल आलं नाही. सतरंजी अर्धी रिकामी.

२७ एप्रिल, मंगळवार

आजही नाही. संध्याकाळी गोरक्षनाथ आला. ओट्यावर बसला नाही.

"मास्तर, आमच्या देवाच्या झाडाला पापी लिवलंत तुमी?"

मी आस्पेनचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्याने.

"मंग त्याच झाडाचं नाव लिवायचं हुतं. आमचं झाड कशाला घेतलं? मी भावकीशी भांडून पोरं तुमच्याकडं धाडली. आता त्ये म्हनत्यात, गोऱ्या, घे तुझा मास्तर. तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई तुमी मला."

मी म्हणालो, मुलांना कळावं म्हणून. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच बोलणं ऐकू आलं. तो गेल्यावर लिडिया म्हणाली, "आनि शाळा?" शाळेचं मी लिहीत नाही.

२९ एप्रिल, गुरुवार

आजचं लिहिण्याची ताकद नाही, पण लिहिलं नाही तर झोप यायची नाही.

केशरबाईंनी चार दिवस पिंपळाला पाणी घातलं नाही, असं पाणवठ्यावर लिडियाने ऐकलं. म्हणून मीच त्यांच्या घरी गेलो आणि खालच्या पायरीवर बसलो. कानिफची बायको चांगुणा दाराआड उभी होती. वाटलं होतं, म्हातारी शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "पापी झाडाला मी चाळीस वरसं पानी घातलं? माजी दोन लेकरं गेली, ती त्याच्यापायीच का? आन् आता त्याचंच पान मी कानिफाकडं धाडलंय."

तिला राग आलाच नव्हता. तिने माझं खरं मानलं होतं. अख्ख्या गावात माझं खरं मानलं ते या एकटीने.

मी सांगितलं: केशरबाई, माझी चूक झाली. ते झाड वेगळं, साता समुद्रापलीकडचं. मी नाव चुकीचं घातलं. पिंपळाचा काही दोष नाही, तुम्ही पाणी घाला.

"छापल्यालं चुकीचं कसं आसंल?"

असतं, म्हणालो. हे आहे.

ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, मांडीकडे बघत होती. माझा हात तंबाखू मळत होता.

"तुमचा हात कापतुया, मास्तर. तुमीच लिवलंय न्हवं, लपवनारा वाऱ्याबिगर कापतो. माजं मन राखायला तुमी आता खोटं बोलताय."

मी डावा हात उजव्यावर ठेवला. तरी तो थांबला नाही.

बापाने हौसेने माझं नाव शांतवन ठेवलं. म्हातारीचं एकुलतं एक शांतवन होतं ते मी काढून घेतलं.

२ मे, रविवार

प्रार्थनेला बसलो की हात जोडले जाईपर्यंत उजवा कापतो. हा कंप थंडीचा नाही, उन्हाळा भाजतोय. मला आता स्पष्ट कळतं की ही शिक्षा आहे. जे दुसऱ्याच्या माथी लिहिलं ते माझ्या अंगावर उमटलं. लिडिया म्हणते, नगरच्या दवाखान्यात चला, जानेवारीपासून हाय हे. तिला काय सांगू? पुस्तिका मी जानेवारीतच हाती घेतली होती.

११ मे, मंगळवार

शेवगावहून सायकलवर तार आली, केशरबाईंच्या घरी. इंग्रजी. वाचणारा गावात मी एकटा. गोरक्षनाथ धावत आला. पंधरा दिवसांनी पहिला शब्द: "वाचा."

मी उभ्या उभ्या वाचली. जीव भांड्यात पडला म्हणणार नाही, पण श्वास तरी आला. कानिफनाथ बेपत्ता आहे. मेला असं लिहिलेलं नव्हतं. गोरक्षनाथ म्हणाला, "आईला तुमीच सांगा, माझ्यानं हुनार न्हाई." गेलो. वाटेत मनाला बजावलं: काही झालं तरी हात हलू द्यायचा नाही. बजावल्याने तो जास्तच हलायला लागला.

त्याच पायरीवर बसलो. "केशरबाई, कानिफ सापडत नाही असं सरकार म्हणतं. शोधताहेत. मेला नाही. मेला असता तर तसा शब्द असतो, तो इथे नाही."

तार माझ्या हातात फडफडत होती. वारा अजिबात नव्हता.

म्हातारीने तारेकडे पाहिलंच नाही. "गोऱ्या," ती म्हणाली, "मास्तरचा हात बघ."

"आई, त्ये म्हनत्यात सापडंना..."

"म्हनू दे. चांगलं मानूस हाय त्ये. माजं काळीज फुटू नये म्हनून म्हनतंय. पर हात खोटं बोलत न्हाई. गेला माजा कानिफा."

मी ओरडलो. खरंच ओरडलो, पायरीवर उभा राहून: खरं सांगतोय, देवाशपथ खरं सांगतोय! आयुष्यात कधी शपथ घेतली नव्हती, आम्हाला मना आहे. शपथ घेताना माझं सगळं अंग कापत होतं. गोरक्षनाथाने ते पाहिलं आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. दाराआडून चांगुणाची किंकाळी आली.

१२ मे, बुधवार

चांगुणाच्या बांगड्या फोडल्या. लिडियाने सांगितलं. वय वर्षं एकोणीस.

१५ मे, शनिवार

मडमसाहेबांना पत्र लिहायला बसलो, की सैन्याकडे चौकशी करावी. चार ओळींनंतर अक्षर मुंगीएवढं होत गेलं, मला स्वतःला लागेना. लिडियाने भिंग आणलं. शेवटी तिनेच मोडक्यातोडक्या अक्षरांत लिहिलं, मी सांगितलं. पंचवीस वर्षं हिच्या अक्षराला मी हसत आलो.

केशरबाईंनी अन्न सोडलं आहे. लिडियाने पेज नेली होती. आमच्या घरची पेज त्यांनी एरवी घेतली नसती, पण आता नाही म्हणण्याचीही शक्ती नाही. दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "मास्तरला म्हनावं, मनाला लावून घेऊ नका." हे ऐकून मी गोठ्यात जाऊन रडलो. म्हातारीने शिव्या का दिल्या नाहीत, देवा?

२१ मे, शुक्रवार

केशरबाई पहाटे गेल्या.

आमची वस्ती अंतरावर उभी राहिली. मी त्यांच्याही मागे. तिरडी पिंपळापाशी थांबवून खांदा बदलला. कोणीतरी म्हणालं, "म्हातारी या झाडाला सोडून गेली बघा." कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यापेक्षा पाहिलेलं परवडलं असतं.

३० मे, रविवार

या वहीत जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. हात वळतो आहे तोवर.

२ फेब्रुवारीचं पान आज भिंगाने वाचलं. मी लिहिलं आहे की वहाणेच्या माराचा आणि त्या शब्दाचा काही संबंध नाही. खोटं आहे. मडमसाहेब म्हणाल्या होत्या नाव तसंच ठेवा. बाभूळ, बोर, काहीही लिहिता आलं असतं, नाहीतर 'एक परदेशी झाड' एवढंच. पण लिडियाने पिंपळ सुचवला तेव्हा माझ्यातल्या आठ वर्षांच्या पोराने टाळ्या पिटल्या. धुवा म्हणावं आता पार! मुलांसाठी वगैरे काही नाही. मारलं सासऱ्याने, आणि मी उगवला सूड पान टाकणारीवर.

५ जून, शनिवार

पोस्टमनने शाळेच्या ओट्यावर कार्ड टाकलं. पत्ता बघितला आणि बसूनच राहिलो. वाचायच्याही आधी कळलं. ते माझंच अक्षर होतं, दहा वर्षांपूर्वीचं, ठसठशीत, ऐटीत उभं.

कानिफ जिवंत आहे. मांडीला गोळी लागली, महिनाभर शुद्ध जेमतेम होती. 'दवाखान्यात माझे नाव चुकून भलतेच लिहिले गेले, म्हणून पलटणीत मी सापडत नव्हतो. आता नीट झाले. मास्तर, आईला सांगा, तिने धाडलेले पिंपळपान पाकिटात आहे. त्याची छान जाळी झाली. पाणी घालणे सोडू नको म्हणावे.'

कार्ड घेऊन निघालो आणि त्यांच्या दारात थांबलो. हात पाहिला. आता हे तरी कोण खरं मानणार? आत जावं की लिडियाला धाडावं, अशा विचारात उभा होतो तोच चांगुणा बाहेर आली. रिकामे हात, कोरं कपाळ.

"काय हाय, मास्तर?"

मी कार्ड पुढे केलं, ते लटलटत होतं. तिला अक्षरओळख नाही. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग पुढे होऊन माझं मनगट तिच्या दोन्ही हातांनी घट्ट धरलं. या घरातल्या बाईने मला कधी शिवलेलं नव्हतं.

"वाचा आता. कापू द्या त्याला."

वाचलं. पिंपळपानापर्यंत आलो तेव्हा गोरक्षनाथ बैलांमधून येऊन मागे उभा होता. चांगुणा कार्ड घेऊन आत पळाली. आतून हसणं की रडणं, कळेना.

गोरक्षनाथ तिथेच उभा राहिला. त्याच्या तोंडावर आनंद येत होता आणि थांबत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "आईला आता कोन सांगंल?"

८ जून, मंगळवार

सकाळी तांब्या घेऊन पिंपळाला गेलो. चाळीस वर्षांनी त्या पारावर चढलो. चावडीवर माणसं होती, कोणी हटकलं नाही. अर्धं पाणी वाटेतच सांडलं होतं, उरलेलं मुळाशी घातलं. मी तिच्या देवाला मानत नाही, माझ्या देवाने हे कोणत्या खात्यात धरावं ते त्याचं त्याने बघावं. कानिफने निरोप माझ्याकडे दिला होता, आणि निरोप पोचवायला दुसरी जागा राहिली नाही.

वारा पडलेला होता. पानं हलत होती. ती कशाने हलतात मला माहीत नाही, आणि मी ते पुन्हा कुठे लिहिणार नाही.